ताईंना सांगू नका

२ फेब्रुवारी, सोमवार

प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, घरी गेल्यावर रोज चार ओळी लिहा. ऑफिससाठी नाही, स्वतःसाठी. नाहीतर हे काम छातीत साचतं. रोज लिहिणं काही माझ्याच्याने होणार नाही, पण आज पहिला दिवस, म्हणून लिहिते.

सेंटर म्हणजे बंद पडलेल्या छापखान्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाकडी, वजनकाटा, रक्ततपासणीचं टेबल. मागच्या खोलीत नव्या सुयांचे खोके, कंडोमची पाकिटं आणि एक पिवळा डबा, वापरलेल्या सुया टाकायचा. मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख. त्यांचा फोन कानावरून खाली येत नाही. माझी जोडी लावली आहे वायरमनशी. खरंच वायरिंगची कामं करायचे म्हणून वायरमन. पन्नाशीचे असतील, उंच, थोडे वाकलेले. एकेकाळी स्वतः टोचून घ्यायचे, त्यातूनच एचआयव्ही झाला. सहा वर्षं झाली सुईला हात नाही, रोजची गोळी चुकत नाही, तब्येत माझ्यापेक्षा चांगली. बायकोला लागण नाही.

हे सगळं त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं, गावाकडचा पत्ता सांगावा तसं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझा धाकटा भाऊ जगला असता तर असाच झाला असता. त्याच्या दुखण्याचं मला कळलं तेव्हा उरलेच होते किती दिवस.

"ताई, साखर?" त्यांनी विचारलं.

"अर्धा चमचा, दादा," मी म्हणाले. तेव्हापासून ते दादा.

५ फेब्रुवारी

आज उड्डाणपुलाखाली. बारा वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर काढली, मला वाटायचं माणसं कळतात आपल्याला. आज बोलताच येईना. एकाला मी एवढं समजावून सांगितलं की दुसऱ्याची सुई वापरल्याने रक्तातून काय काय पसरतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, झालं? सुई देता का आता?"

दादा हसून हसून बेजार. परत येताना म्हणाले, "ताई, तुम्ही दुकानात गिऱ्हाईकाला आधी भाषण करून मग औषध द्यायचात का?"

तिथे एक बाई आहे, सगळे चिमणी म्हणतात. शिवणाच्या कारखान्यात होती. चणीने एवढीशी आणि तोंड भारी. मला बघून दादांना म्हणाली, "हिला कुठून आणलं? ही तर शाळेतल्या बाईसारखी बघते."

मी कशी बघते?

१२ फेब्रुवारी

आईने माझी कामाची पिशवी दाराबाहेर खुंटीला लावली. आत आणू देत नाही. मी म्हटलं, आई, पिशवीला काही होत नाही, पिशवीने कुणाला काही होत नाही. ती म्हणाली, "तुला हेच काम मिळालं का गं?" धाकट्याला काय झालं होतं ते ती अजून नाव घेऊन बोलत नाही. "ते दुखणं" म्हणते. तिला बहुतेक नीट माहीतही नाही. मीही विषय काढत नाही. म्हातारपणी कशाला जखम उकरायची.

३ मार्च

आज न जेवताच लिहायला बसले.

पुलाच्या तिसऱ्या खांबामागे एक जण आडवा पडला होता, ओठ निळे, छातीतून घोरल्यासारखा आवाज. मला वाटलं झोपलाय. दादांनी पिशवी फेकली आणि गुडघ्यावर बसले. त्याची हनुवटी वर केली, तोंडातून श्वास दिला. "ताई, इंजेक्शन!" मी जागं करायचं इंजेक्शन काढलं, त्यांनी मांडीत दिलं. परत श्वास, परत श्वास. मग तो माणूस एकदम खोकला आणि उठून दादांनाच शिव्या द्यायला लागला, माझी सगळी नशा घालवलीस म्हणून.

"दे, दे, शिव्या दे," दादा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग सगळ्यांना गोळा करून मीच बोलले. एकट्याने घेऊ नका. कुणीच सोबत नसेल तर कुणाला तरी फोन लावा, बोलत राहा, आवाज बंद झाला तर पलीकडचा धावत येईल. चिमणी म्हणाली, "आणि पलीकडच्याने उचललाच नाही तर?" सगळे हसले. मीसुद्धा.

१९ मार्च

वाईट झालं. सेंटरचा पंखा बंद पडला होता. मॅडम म्हणाल्या कारागीर बोलावू. दादा म्हणाले घरचा माणूस असताना? स्टुलावर चढले आणि स्टूल सरकलं. पाठीवर पडले. आवाज असा आला की मी डोळेच मिटले.

दवाखान्यात मी बरोबर होते. मणक्याला बारीक चीर आहे, ऑपरेशन नको म्हणाले, पण दुखणं असं की माणूस पांढराफटक पडला होता. डॉक्टरांनी मॉर्फिनचं इंजेक्शन सांगितलं तर हे नको म्हणतात! "दुसरं काही द्या, साधी गोळी द्या." डॉक्टर घाईत होते, कारण विचारलं तर दादांनी तोंड फिरवलं. नर्स तिथेच उभी होती. मला कळलं, तिच्यासमोर जुनं सांगायचं नसणार. मग हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, नको. मला माहीत आहे ते काय आहे."

मी म्हटलं, "दादा, ते वेगळं आणि हे वेगळं. हे डॉक्टर देताहेत, औषध म्हणून, मोजून. मी बारा वर्षं हीच औषधं हाताळली आहेत. उगाच का सोसायचं? सहा वर्षांनी तुम्हाला काय होणार आहे!"

शेवटी ऐकलं माझं. थोड्या वेळात चेहरा सैल झाला, डोळे मिटले. इतका शांत चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. बरं वाटलं मला.

६ एप्रिल

दादा कामावर परत. काठी घेऊन, पण आले. मी म्हटलं अजून आठवडाभर पडून राहायचं होतं. म्हणाले, घरी पडलं की नको ते विचार येतात. दवाखान्यातून दिलेल्या गोळ्या संपल्या, आता काही घेत नाही म्हणाले. मी म्हटलं, बघा, उगाच घाबरत होता.

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "हो ना," म्हणाले.

१७ एप्रिल

ऊन मी म्हणतंय आणि दादा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. वर काळा चष्मा. मी चेष्टा केली, काय दादा, सिनेमात काम मिळालं का? म्हणाले, औषधांनी ऊन सोसत नाही. सारखं नाक खाजवतात, धूळ बाधते म्हणे. मी माझ्याकडची ॲलर्जीची गोळी दिली. चहात आता चार-चार चमचे साखर. अंगातली ताकद भरून यायला गोड लागतंच.

दुपारच्या बैठकीत बसल्या बसल्या पेंगले. मॅडमनी बघितलं, तेवढ्यात मी पुढे होऊन सांगितलं, पाठीमुळे रात्री झोप लागत नाही त्यांना. सांभाळून घ्यायलाच हवं. माणूस एवढं करतो.

चिमणी आज मला बाजूला घेऊन म्हणाली, "वायरमनकडे लक्ष द्या ताई."

"देते गं. जड पिशवी मी त्यांना उचलूच देत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही फार चांगल्या आहात." आणि निघून गेली. तिच्या तोंडून चांगलं ऐकायची सवय नाही, म्हणून लक्षात राहिलं.

२९ एप्रिल

परत येताना दादांनी सहज विचारलं, "ताई, आपल्यातला एखादा कामावर असताना परत घसरला तर ऑफिस काय करतं?"

नियम मला पाठ आहे. "त्याच दिवशी काम बंद. बरोबरच आहे ना दादा? आपणच घेत राहिलो तर लोकांना कुठल्या तोंडाने सांगणार?"

"बरोबर आहे."

"का? कुणी घसरलंय का?"

"एक जण आहे ओळखीचा. दुसऱ्या सेंटरला."

"त्याला तुमचं उदाहरण द्या. तुमच्याकडे बघितलं की मला वाटतं, दादा, माणूस ठरवलं तर काहीही करू शकतो. धाकट्याला तुमच्यासारखा कुणी भेटला असता तर…" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या भावासारखा. हात गार होता, एवढ्या उन्हात.

त्यावरूनच मला सुचलं. पुढच्या महिन्यात देणगीदारांचा कार्यक्रम आहे, दादांनी तिथे बोलायला हवं. मॅडमना सांगितलं, त्यांनी लगेच उचलून धरलं. दादा नाही नाही म्हणत होते. मीही चिवट आहे.

११ मे

दादांचं भाषण मी लिहिलं. तीनदा खोडलं, पण छान झालंय. शेवट असा आहे: "आज मी मोकळा आहे. माझ्याकडे बघा आणि विश्वास ठेवा." त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "शेवटचं वाक्य काढू या का?" मी म्हटलं, तेच तर सगळ्यात चांगलं आहे.

संध्याकाळी दादांच्या घरून वहिनींचा फोन. सेंटरला हल्ली जास्तीचं काम असतं का, घरी यायला उशीर होतो म्हणून विचारलं. मी म्हटलं, छे हो, सहाला बंद. मग माझ्याच लक्षात आलं, ते सुटल्यावर भाषणाची तयारी करत असतील कुठेतरी बसून. तसं सांगितलं वहिनींना. त्या "बरं" म्हणाल्या आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

२२ मे, शुक्रवार

कार्यक्रम झाला. सभागृह भरलेलं. पडद्यावर दादांचा मोठा फोटो, खाली अक्षरं: सहा वर्षांचा विजय. दादा उभे राहिले, कागद हातात, बाह्या मनगटापर्यंत. वाचत गेले, लोक डोळे पुसत होते. शेवटच्या वाक्याशी थांबले. मला वाटलं ओळ हरवली, मी खालून ओठांनी सांगत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "आमची माणसं वाईट नसतात हो. फार लाजतात, एवढंच."

टाळ्या थांबेनात. पण माझं वाक्य गेलंच.

नंतर फोटोसाठी सगळे खोळंबले आणि दादा स्वच्छतागृहात. अर्धा तास! मी दार वाजवलं. "आलो ताई, आलो." बाहेर आले तर एकदम निवांत. मला जरा राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघून गेला. भाषणाचं ओझं उतरलं असणार.

३१ मे, रविवार

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू पिकलाय, काढावा लागेल. सगळा दिवस त्यातच गेला. फोन पिशवीत होता, दुपारी दादांचे दोन फोन येऊन गेलेले, मला संध्याकाळी दिसले. उलटा लावला, उचलला नाही. सुट्टीच्या दिवशी काय काम काढलंय कोण जाणे. उद्या विचारते.

४ जून

दादा गेले.

लिहिते आहे तरी खरं वाटत नाही.

सोमवारी सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींना सापडले. सेंटरच्या मागच्या खोलीत, खोक्यांना पाठ लावून बसलेले. डावी बाही वर. पुढचं दार उघडं होतं, नुसतं लोटलेलं. जागं करायचं इंजेक्शन पाकिटातून काढून शेजारी नीट ठेवलेलं, येणाऱ्याच्या पटकन हाताला लागावं असं. रविवारी सेंटरला कोण येणार होतं?

आणि फोन मांडीवर. शेवटचे दोन्ही मला.

फोन चुकून लागतो एखाद्या वेळी. दोनदा लागत नाही.

मॅडम खूप रडल्या. मग तोंड धुवून आल्या आणि म्हणाल्या, वर पाठवायच्या अहवालात हृदयविकार म्हणू या, त्यांच्या बायकोसाठी तरी. मी हो म्हटलं. भिंतीवरचा कार्यक्रमाचा फोटो कुणी काढला ते माहीत नाही. तिथे आता खिळा आहे.

७ जून

वहिनींकडे गेले. एकच खोली, वर माळा. दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करून त्या घर चालवतात. टेबल खोलीच्या मध्यात, त्यावर अर्धी घडी घातलेली चादर तशीच.

रस्त्याच्या पलीकडे पुलाखालची माणसं उभी होती. आठ-दहा जण, आंघोळी करून आलेले, केस ओले. जिना चढायची हिंमत होत नव्हती. नातेवाईक खिडकीतून बघून कुजबुजत होते. वहिनी उठल्या, सरळ खाली गेल्या. मी मागोमाग.

"त्याच्याबरोबर कोण असायचं?" त्यांनी विचारलं.

मग चिमणी पुढे आली. "मी असायचे. रोज. त्यांना एकटं सोडायचे नाही मी. रविवारी मुलीला बघायला बहिणीकडे गेले होते. सांगून गेले होते, आज नका घेऊ म्हणून." वहिनी तिला मारणार असं मला वाटलं. त्यांनी तिचा हात धरला आणि तिला वर आणलं, पाणी दिलं.

मी चिमणीला म्हटलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

"तुमचंच तर नाव होतं तोंडात. ताईंना सांगू नका, ताईंना सांगू नका. मॅडमना कळलं तर नोकरी जाईल म्हणायचे, ताईंना कळलं तर…" ती थांबली.

"तर काय?"

उत्तर वहिनींनी दिलं. चादरीची घडी पुरी करत, माझ्याकडे न बघता. "मला दवाखान्यातून आल्यावर पंधरा दिवसांतच कळलं होतं. घरात फार शांत झाला होता. मी म्हटलं, ताईंना सांग, त्या चांगल्या आहेत, मार्ग काढतील. तो म्हणाला, चांगल्या आहेत म्हणूनच नाही."

मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

दवाखान्यातून आल्यावर. तेव्हापासून. मी हे शब्द घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं होतं. मी फक्त समजावलं. असं कितीतरी जणांना देतात आणि काही होत नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. तरी ते कानाशी येऊन बोलले होते. मला माहीत आहे ते काय आहे, म्हणाले होते.

१६ जून

मॅडमशी भांडले. आयुष्यात वरिष्ठांवर पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, घसरला की नोकरी संपणार असेल तर कोण तोंड उघडेल? आपण पुलाखालच्या माणसाला म्हणतो, लपवू नकोस, आम्ही रागावणार नाही. आणि आपल्या माणसाला?

मॅडम म्हणाल्या, नियम वरून येतात. मग पेपरवेट फिरवत म्हणाल्या, "कागदावर बदलायला वेळ लागेल. पण यापुढे माझ्याकडे कुणी येऊन सांगितलं तर मी त्याला उपचाराला पाठवीन आणि जागा धरून ठेवीन. तुम्ही सगळ्यांना सांगा, मी म्हटलंय म्हणून."

अहवालही बदलायला लावला. वहिनींना विचारूनच. त्या म्हणाल्या, "खरं लिहा. हृदय चांगलं होतं त्याचं."

२३ जून

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आणलं, थेंब घालत होते. थेंब पडले की दोन्ही डोळे मिटून ठेवायचे, त्यामुळे माझा चेहरा तिला दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच मी बोलू शकले. दादांचं सगळं सांगितलं. मग म्हटलं, "आई, धाकट्यालाही हेच होतं. एचआयव्ही. सुईतून झालेला. तुला सांगितलं नव्हतं कधी."

आई म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तुझ्या आधीपासून. त्याने सांगितलं होतं मला. रडत होता. मी म्हटलं, ताईला सांगू या, ती औषधांच्या दुकानात आहे, तिला कळतं सगळं. तर पाय धरले माझे. तिला नको म्हणाला. ती सगळ्यांना सांगत असते माझा भाऊ सुधारला म्हणून."

थेंबांची बाटली माझ्या हातात तशीच राहिली.

"मी रागावले नसते," मी म्हटलं.

"रागावली नसतीस गं," आई म्हणाली. "रागाला तो भीत नव्हता."

मग आंधळ्यासारखी चाचपडत तिने माझा हात शोधला. दुसरा डोळा राहिला होता, त्यात मीच थेंब घातले. काही बाहेर सांडले, गालावरून गेले. ते थेंबच होते की काय, मी बघितलं नाही.

१४ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला बसले की नुसती स्वतःची बाजू मांडत राहते, म्हणून सोडलं होतं.

आजपासून पुलाखाली माझ्याबरोबर नवीन सहकारी. कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होता. तोही त्यातून बाहेर आलेला, वर्ष झालं नाही अजून. जाडजूड, बोलका, मोठ्याने हसतो. आल्या आल्या मला म्हणाला, "वायरमनचं ऐकलंय मी. तुम्ही त्यांच्या जोडीदार ना?" मी हो म्हटलं.

दुपारी सुयांचे डबे रिकामे करून आम्ही कठड्यावर टेकलो. तो बोलता बोलता थांबला. हातातला चिमटा उघडमीट करायला लागला. मग खाली बघत म्हणाला, "ताई, एक सांगू? सकाळपासून मन फार ओढतंय. त्या पोराला टोचताना बघितलं ना, तेव्हापासून."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. तुम्ही किती पुढे आला आहात, घरच्यांचा विचार करा, तुमच्याकडे बघून इतरांना… सगळी वाक्यं रांगेत उभी. त्यांतलं एकही चुकीचं नव्हतं.

मी एवढंच विचारलं, "आत्ताही?"

"आत्ताही."

"बरं," मी म्हटलं, आणि पिशवी बाजूला करून त्याच्या जवळ सरकले. डोक्यावरून गाड्या जात होत्या, कठडा हादरत होता. तो त्याच्या पहिल्या सुईबद्दल सांगायला लागला, मग बायकोबद्दल, मग दोन महिन्यांपूर्वी एकदा चोरून घेतलं होतं त्याबद्दल, जे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मध्येच थांबून माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. माझा चेहरा कसा दिसत होता, मला माहीत नाही. तो बोलत राहिला. संध्याकाळ झाली तरी मी उठले नाही.